उभ्या गाडीचं डिझेल

आमच्या हिशोबाच्या वहीत एक रकाना आहे:
उभ्या गाडीचं डिझेल.
सातव्या वर्षी तो मी आखला,
गाडी नुसती पळतानाच पीत नाही हे कळल्यावर.
शिरोलीच्या फौंड्रीतलं कास्टिंग भरून
हे लुधियानाला जातात, गेटवर नंबर लावतात,
आणि पाळी येईपर्यंत रात्रभर
केबिनच्या एसीपायी अख्खं इंजिन चालू.
एक कप चहासाठी
गुऱ्हाळाचं चुलवाण पेटवल्यासारखं.

तासाला अडीच लिटर.
जूनच्या खेपेत चार रात्री, आठ-आठ तास.
गुणाकार पेन्सिलीनं केला, मग खोडला.
खोडलेलं दिसतंच.

म्हणून उचगावला, हायवेला लागून,
दस्तगीर शिकलगारांच्या शेडात मी पण गेलो.
मिस्त्रींनी दोन्ही दाखवली.
एक डिझेलवरचं, दोन सिलिंडरचं,
तूरडाळीच्या डब्याएवढं, चेसीला लटकणारं.
"तासाला पाऊण लिटर, वैनी. पंजाबात काय, आसामात काय,
कुठलाबी मेकॅनिक उघडतोय."
दुसरं बॅटरीवरचं. चार बॅटऱ्या, आवाज नाही, धूर नाही,
पळत्या गाडीवर आपली आपण भरणारं.
"पण पावणेदोनशे किलो वजन. आणि पन्नास हजार जास्त."
पावणेदोनशे किलो म्हणजे
तेवढं कास्टिंग दर खेपेला खाली ठेवायचं.
हेही मी लिहून घेतलं.

ह्यांचा कल डिझेलकडं.
"बंद पडलं तर ठोकून चालू करता येतंय.
बॅटरीला काय ठोकायचं?"
मी विचारलं, "झोप कशात लागती?"
दोघं माझ्याकडं बघत राहिले,
टॉर्कचा आकडा विचारावा आणि कुणाला माहीत नसावा तसे.

मग म्हणाले, "झोप म्हंजे काय,
इंजिन चालू असलं की कान त्याच्याकडं.
बंद केलं की टाकीच्या झाकणाकडं.
गेल्या साली बाडमेरला साठ लिटर काढलं की चोरांनी,
मी आत असताना."
हे मला सांगितलं नव्हतं.
वहीत ते 'टायर-पंक्चर व इतर' मध्ये आहे.

मी म्हटलं, चालू करून दाखवा.
आधी डिझेलचं.
पायरीवर पाय ठेवून वर चढलो, मागच्या बाकावर आडवा झालो.
लग्नाला एकोणीस वर्षं, गाडीला अकरा,
आणि ह्या बाकावर पाठ टेकायची पहिलीच वेळ.
रेक्झिनला एका कुशीचा खड्डा पडलेला.
पाय पुरते लांब होत नाहीत. माझे होत नाहीत,
तर ह्यांचे कुठले.
इंजिन दातांत वाजत होतं, बारीक,
दुसऱ्याच्या घरातल्या गिरणीसारखं.

मग दुसरं.
काहीच झालं नाही.
मी हाक मारणार होतो, की चालू करा,
तेवढ्यात घोट्यांना गार लागलं.

डोळे उघडले तेव्हा शेडात ऊन सरकलं होतं.
खाली दोघं चहा पीत होते,
कुजबुजत, बारशाला आल्यासारखे.
वेल्डिंगवाला पोरगा सुद्धा थांबवून ठेवलेला.
मिस्त्रींनी मीटर वाचलं:
"एक तास दहा मिनटं. बारा टक्के उतरली."
ह्यांनी पुढं लावलं, "आणि घोरत होतीस."

मी घोरत नाही.
पण पन्नास हजारांवर
त्यानंतर कुणी बोललं नाही.
विसार दिला. पावतीवर मिस्त्रींनी
गिऱ्हाईकाच्या जागी माझं नाव घातलं,
हसत नव्हते.

येताना हे गप्प. तावडे हॉटेलच्या कमानीपाशी म्हणाले,
"शांत असंल तर झाकणाचा आवाज तरी ऐकू यील."
"झाकणाला कुलूप लावू," मी म्हटलं. "तू झोप."

बॅटऱ्या बसणार डाव्या अंगाला,
टाकीच्या मागं,
जिथं पाण्याचा कॅन टांगलेला असतो.
कॅन आता कुठं टांगायचा
यावर परवापासून आमची भांडणं चालू आहेत.