प्रतेंदेर

मंगळवारी आणि गुरुवारी, साडेसातला,
मासळीच्या लिलावघरावरच्या खोलीत भरतो माझा वर्ग.
खाली पाइपाने फरशी धुतात,
वर आम्ही इंग्रजी घासतो.

कामारा द लोबुश गावचे अकरा जण.
जर्सी बेटावरच्या हॉटेलात चादरी बदलायला
निघालेल्या तीन बहिणी, एक बेकरीवाला,
आणि मागे, खिडकीपाशी, अदेरितु.
चाळीस वर्षं त्याने हजार मीटर खोल काळोखातून
काळे, लांबलचक मासे ओढले.
पेन्सिल अजून गळासारखीच धरतो,
काहीतरी लागेल म्हणून थांबल्यासारखा.

आज फळ्यावर सोंगांचा धडा.
फेक म्हणजे फाल्सु. पिशवी, सही, दात.
फेन म्हणजे फिंझिर. ताप, पोटदुखी, झोप.
(झोपलेल्याला उठवता येतं, बेकरीवाला म्हणाला,
सोंग घेतलेल्या पोराला पीठ मळायला नाही उठवता येत.)
शॅमला फार्सा म्हणा, भागेल.
ब्लफ आम्ही पत्त्यांसकट उसना आणला,
परत केला नाही.
मेक-बिलीव्ह म्हणजे फाझ द कोंता,
म्हणजे धरून चालायचं:
हा दगड होडी, हा ओटा समुद्र,
आणि आई हाक मारेपर्यंत
जेवायची वेळ झालेली नाही.

मधली बहीण, इदालिना, हात वर करून:
"पारा इंग्लेश वेर, याला इंग्रजीत काय म्हणतात?"
इंग्रजांनी बघावं म्हणून केलेलं.
रस्त्याकडच्या भिंतीला रंग, मागे पोपडे.
वर्ग खिदळला. मीही.
त्यांच्याकडे शब्द कुठून असणार,
ते बिचारे बघणारे.

मग मी लाल खडू घेतला.
प्रतेंदेर आणि प्रिटेंड. चेहरा एक, आई वेगळी.
आपलं प्रतेंदेर म्हणजे मनात असणं, बेत असणं.
त्यांचं प्रिटेंड म्हणजे नुसता आव.
मुलाखतीत म्हणालात, मन लावून काम करायला आय प्रिटेंड,
की त्याच बोटीने घरी.

वह्या तपासत मागच्या बाकाशी आले.
अदेरितुचं नातीला पत्र. आठ वर्षांची मेलिसा,
तिला आजोबांच्या भाषेतलं फक्त 'मासा' येतं.

आय प्रिटेंड टू कम इन एप्रिल.
आय प्रिटेंड टू ब्रिंग द लिटल बोट.
आय प्रिटेंड टू स्टे वन मंथ.

गेल्या वर्षीच्या वहीतही एप्रिलच होता.
होडीचं इंजिन त्याने नाताळात विकलं,
औषधवाल्याच्या वहीत त्याचं नाव दोन पानं चालतं,
हे गावात कोणाला सांगावं लागत नाही.
सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही,
आणि विमानाचं तिकीट
कुणी धरून चालत नाही.

तरी मी शिक्षिका.
तिन्ही ठिकाणी वर लिहिलं: इंटेंड.
त्याने नवं पान घेतलं, ओठ हलवत उतरवलं,
एकही अक्षर ओळीबाहेर नाही.
"आता खरं झालं ना, मास्तरीणबाई?"
"व्याकरणाने," मी म्हणाले,
आणि लगेच वाटलं, गप्प बसायला हवं होतं.

खाली पाणी बंद झालं. खुर्च्या सरकल्या.
दिवा मालवायला वळले तेव्हा पाहिलं,
जुनं पान, माझ्या लाल खुणांसकट,
तो पाकिटात सरकवत होता.
शुद्ध प्रत वहीत राहिली,
नीट, पहिल्या पानावर,
मी बघावी म्हणून.

मी फडका घेऊन फळा पुसू लागले,
पुसून झालेला फळा.
कानाडोळ्याला आम्ही जाड नजर म्हणतो.
त्याचा इंग्रजी शब्द गुरुवारी सांगेन.
मनात तर आहे.
प्रतेंदु.