हुंकार

मंगळवारी तुरुंगाच्या अंगणात माझी शाळा भरते.
उपडी बादली म्हणजे न्यायासन.
तिच्यावर लायटन बसतो, डोक्यावर घोंगडीची घडी.
कोंबड्या चोरल्याचा आरोप, तीन वर्षं कच्चा कैदी,
आणि न्यायाधीश म्हणून असा शोभतो
की पहारेकरीही नकळत ताठ उभा राहतो.

मी वकील नाही. वकील ब्लँटायरला असतात,
झोम्बाच्या वाट्याला वर्षातून दोनदा येतात.
माझ्याकडे एक सायकल, एक वही
आणि मोठा आवाज.

"आरोप म्हणजे काय?" मी विचारते.
कोणी म्हणतं, पाप. कोणी म्हणतं, पोलिसाचा राग.
मागून एक म्हातारा: "नशीब."
मी सांगते, आरोप म्हणजे एक वाक्य.
त्याला कर्ता असतो, कर्म असतं, तारीख असते.
कितीही मोठ्यानं वाचलं तरी ते वाक्यच राहतं,
खरं ठरायचं अजून बाकी असतं,
आणि ते ओझं वाचणाऱ्याच्या डोक्यावर,
ऐकणाऱ्याच्या नव्हे.

वायसन नमालोम्बानं कागद पुढे केला.
सायकल, एक, हिरवी. चोरी. गुन्हा कबूल.
"कबूल कधी केलास?"
"मी? नाही केला."
साहेब इंग्रजीत बोलत होते,
कारकून भराभर चिचेवात सांगत होता,
आमच्या घरात याओ.
मोठा माणूस बोलतो तेव्हा मधूनमधून 'इंदे' म्हणावं,
आईनं शिकवलंय.
गोष्टीला हुंकार द्यावा तसं.
नाहीतर सांगणाऱ्याला वाटतं, हा झोपला.

सायकल नेली होतीस का?
नेली. मेहुण्याची.
बायकोला कळा सुरू झालेल्या,
मेहुणा सरोवरापलीकडे लग्नाला गेलेला.
चौथ्या दिवशी परत लावली त्याच्या भिंतीला,
पंक्चर काढून, साखळीला तेल घालून.
मुलगी झाली.
तिला अजून जाळीतूनच पाहिलंय.

मग मी बादलीवर हात आपटून सांगितलं:
नेणं म्हणजे चोरी नव्हे.
परत न द्यायचं मनात धरून नेणं, ती चोरी.
आणि मनातलं सिद्ध करावं लागतं.
अंगण गप्प झालं.
बरेच जण आपापलं मन आठवत होते.
लायटननं घोंगडी उतरवली,
पुन्हा घडी घातली.

सहा मंगळवार तालीम चालली.
लायटन आरोप वाचायचा, वायसन 'इंदे' म्हणायचा,
आणि साठ कैदी एकदम ओरडायचे: म्हणालास! पुन्हा म्हणालास!
एवढं हसू त्या भिंतींनी ऐकलं नसेल.
गप्प बसण्याचा हक्क शिकवायला सोपा,
पण ज्याला लहानपणापासून
गप्प बसणं म्हणजे उद्धटपणा
असंच वाढवलंय, त्याच्या जिभेला तो कसा शिकवायचा?

माझ्या शाळेतले सगळे सुटतात असं नाही.
ग्रेशियन सगळं पाठ करून गेला होता.
सात वर्षं लागली.
नवऱ्याला मी सांगितलं, हा शेवटचा हंगाम.
त्यानं ते गेल्या हंगामातही ऐकलं होतं.

कोर्टात मी मागच्या बाकावर, वही मांडीवर.
साहेब वाचू लागले. कारकून धावू लागला.
वायसनच्या ओठांवर 'इं' आलेला मी पाहिला.
त्यानं तो गिळला.
"साहेब, मला कळलं नाही.
माझ्या भाषेत सांगा. हळू."

साहेबांनी चष्मा काढला.
याओ कोणाला येते? शिपायाला नाही, पोलिसाला नाही.
शेवटी फाटकाशी शेंगा विकणारी बाई आत आणली.
तिनं चितेंजेला हात पुसले, शपथ घेतली,
आणि एकेक वाक्य सांगू लागली:
अमुक रात्री, अमुक गावी, हिरवी सायकल.
प्रत्येक वाक्यानंतर ती थांबायची,
सवयीनंच,
हुंकाराची वाट बघत.

वायसन तिच्याकडे नीट बघत होता.
जागा होता.
हुंकार त्यानं दिला नाही.