शेऱ्याचा रकाना

एकतीस वर्षं मी वाचत होतो,
पण फक्त आकडे.
दिघ्यापासून रबाळ्यापर्यंत, जिन्याखाली, मोरीच्या भिंतीवर,
जळमटामागे फिरणारी चकती,
टॉर्च दातांत धरून.
कुलूप दिसलं की शेऱ्याच्या रकान्यात लिहायचं: दार बंद.
मग त्या घराला सरासरीचं बिल.

आता शनिवारी दहाला
गणपतीपाड्याच्या समाजमंदिरात
कॅरमबोर्ड भिंतीला टेकवून सतरंजी घालतो.
अकरा मुलं, नऊ पुस्तकं,
त्यातल्या एकाला शेवटचं पान नाही.
नेमकं तेच सगळ्यांना हवं असतं.
म्हैस तळ्यात मावते की नाही
हे दर आठवड्याला नव्याने ठरतं, भांडून.

पहिल्या दिवशी मी म्हशीचा आवाज काढला नाही.
पेन्शनर माणूस, लाज वाटली.
सादिक म्हणाला, काका, तुम्ही बिल वाचताय का?

अंबिका धोत्रे, वय सात.
फॉर्मवर छापलंय: अक्षर, शब्द, वाक्य, गोष्ट,
योग्य चौकोनात खूण करा.
जुलैपासून तिची खूण पहिल्याच चौकोनात.
क येतो, म येतो,
पोटफोड्या ष बघून ती स्वतःचंच पोट धरून हसते,
पण घ आणि ध पुढे आले
की फ्रॉकचं टोक तोंडात जातं
आणि नजर खिडकीतून डोंगराकडे,
जिथला दगड तिच्या आजोबांनी फोडला.

मी म्हटलं, बघ, घ-च्या डोक्यावर अख्खं छप्पर आहे.
ध-च्या नाही, एका कडेला उघडं आहे.
मग गळत असेल, ती म्हणाली.
हो, गळतं.
मग टोप ठेवायचा खाली.
आणि तिने ठेवलेही,
त्या पानावरच्या प्रत्येक ध-खाली पेन्सिलीने एकेक गोल.
पुस्तक खराब केलंस, असं ओरडायला मी तोंड उघडलं
आणि तसाच राहिलो.
यांच्याच गल्लीत मी किती पावसाळे फिरलो.
मीटर कोरडा आहे ना, एवढं बघायचो.

गल्लीच्या तोंडाशी आमच्या खात्याची डीपी आहे.
लाल कवटी, खाली दोन हाडं, त्याखाली शब्द.
येता-जाता ती मला वाचून दाखवायची:
घोका.
पाठ नाही केलं की असं होतं, सादिक कवटीकडे बोट करायचा.
मी दुरुस्त केलं नाही, कबूल आहे.
लहानपणी घोकून घोकून
मलाही ते तसंच वाटलं असतं.

दिवाळीनंतर तीन शनिवार ती आली नाही.
शुभदाताईंनी फॉर्म मागितले.
हात सवयीने चालतो:
शेऱ्याच्या रकान्यात मी "दार" लिहिलं,
आणि पेन उचललं.

घर मला माहीत होतं. मीटरचा शेवट चारशे सतरा.
दाराला कुलूप नव्हतं, पडदा होता.
आई पॅकिंगच्या कामाला लागली होती रबाळ्यात,
आणि कडेवर दीड वर्षाचा भाऊ,
शेंबडा, एका पायात चप्पल.
काका, मला सुट्टी नाय मिळत, ती म्हणाली,
मोठ्या बाईसारखी.

मला सोडायला कोपऱ्यापर्यंत आली.
भाऊ खाली उतरला, डीपीच्या दाराकडे धावला,
लाल रंग, मोठ्ठे दात, त्याला मजाच.
तिने शर्टाला धरून त्याला असं खेचलं
की बटण तुटून माझ्या पायाशी आलं.
हात नाय लावायचा! घ नाय तो, ध आहे.
गळका ध.

पूर्ण शब्द तिने वाचला का, मी विचारलं नाही.
बटण उचलून दिलं.

खूण अजून पहिल्याच चौकोनात आहे.
शेऱ्यात "दार" तसंच आहे, पुढे काही सुचलेलं नाही.
शनिवारी त्यालाही घेऊन ये म्हटलंय.
म्हणजे दुसरी सतरंजी बघायला हवी,
आणि म्हशीचा आवाज
जरा हळू.