डावीकडचं वक्रासन

वैद्य आगाशेबाईंनी नाडीवर तीन बोटं ठेवली
आणि पहिल्या बोटाखालीच थांबल्या.
झोप मोडते? तीनला.
टाचा? फुटलेल्या.
स्वप्नात काय दिसतं?
उंचावरून खाली बघतोय, मी म्हणालो,
पण ते दिवसाही दिसतंच.
काम काय करता?
चाळकेवाडीच्या सड्यावर असतो. पवनचक्क्या. मेंटेनन्स.
बाई हसल्या, चिठ्ठीवर लिहिलं: वात.
जणू माझाच पत्ता मला लिहून दिला.

तिळाचं तेल, कोमट. पावटा, वाटाणा बंद.
आणि वक्रासन,
पण अंगाला सोसेल तसं.

पोवई नाक्यामागं, पिठाच्या गिरणीवर
शिकलगार मॅडमचा वर्ग.
ओसवाल शेठना त्या म्हणतात, पुन्हा, दुसरी बाजू, थांबायचं नाही,
तुमचा कफ गादीवर बसल्यासारखा बसलाय.
जगदाळे वकिलांना म्हणतात, डोळे मऊ करा,
इथं निकाल लागत नाही.
माझ्याजवळ मात्र खाली बसतात, आवाज उतरवतात:
आधी बूड टेकू द्या. दोन्हीकडचं, सारखं.
वाऱ्याला अगोदर जमीन द्यायची,
मग दिशा.

उजवा गुडघा उभा, पाऊल डाव्या गुडघ्याशी.
डावा हात त्यावरून पलीकडं, उजवा पाठीमागं.
श्वास सोडताना वळायचं. घेताना थांबायचं.
ओढू नका हो, धुणं पिळतोय का आपण?

आता सड्यावरच करतो, सकाळी साडेसहाला,
कंट्रोल रूमच्या फरशीवर घोंगडी टाकून.
दार लावून. हा वारा अंगावर घ्यायचा नाही, असं बाईंनी बजावलंय,
ज्या वाऱ्याचा मी पगार घेतो.
उजवीकडं छान वळतो मी.
उजवीकडं नुसता सडा, धुकं, येवल्यांची म्हैस.

डावीकडच्या काचेत सत्तेचाळीस नंबर उभा असतो
आमच्या नाचणीत.
म्हणजे, नाचणी होती तिथं.
सही आबांनी केली, पेन मी पुढं केलं.
बाविसाव्या वर्षी, खिशात नोकरीचं पत्र.
तिकडं मान निम्म्यात अडते.
मॅडम म्हणतात, खांद्याचा ताठरपणा.
मी म्हणतो, हो.

लोकांना वाटतं चक्की नुसती पाती फिरवते.
तिचं डोकंही फिरतं, वारा जिकडं असेल तिकडं,
आणि आत, खांबाच्या पोकळीत,
लोंबत्या केबलला पीळ बसत जातो.
एक. दोन. तीन.
मग वारा कितीही झकास असो, यंत्र आपणहून थांबतं,
सगळं डोकं उलटं फिरवतं
आणि पीळ काढून टाकतं. सावकाश,
लग्नातल्या म्हाताऱ्यासारखं, कुणाची घाई नाही.
तेवढा वेळ वीज होत नाही.
तेवढ्या वेळेचा जाबही कुणी विचारत नाही.

हे मॅडमना सांगितलं
तर म्हणाल्या, मग तुम्ही माझ्याकडं येता कशाला?

आज सकाळी स्क्रीनवर ओळ आली: सत्तेचाळीस, केबल अनट्विस्ट.
मी डावा गुडघा उभा केला.
बूड टेकवलं. श्वास सोडला.
बाहेर ती उलटी वळत होती, आत मी,
आणि मान जिथं रोज अडते
त्याच्या चार बोटं पुढं गेली.
कट् वाजलं. दुखलं नाही.

काँक्रीटच्या ओट्यापलीकडं
बांधाचा एक दगड अजून तसाच आहे, जरा कलता.
चोवीस वर्षं त्याच्याजवळून शिडीची हत्यारं नेतोय मी.

पाच श्वास थांबायचं असतं.
मी सहा थांबलो.
मॅडमना सांगणार नाही.