लीथमधून ऐकलेली एकची तोफ

लीथच्या बंदरावरचं जुनं गोदाम, तिसरा मजला.
पूर्वी इथे व्हिस्कीची पिंपं असत,
लाकडाला अजून तो वास आहे.
आता आमचं टेबल, टेबलावर हिरवा बोर्ड,
बोर्डाच्या मधोमध नखाएवढी चिप.
कोरी येते ती. आज रडार हो, उद्या कॅमेरा,
सांगू ते होते.

पण आधी तिला ठोका लागतो.
क्रिस्टल देतो सेकंदाला अडीच कोटी,
हिला हवेत वीस.
मधली आठपट करणारं वर्तुळ एवढंसं:
बाहेर पडलेला ठोका आठाने भागून परत आत घ्यायचा,
मूळ ठोक्याशेजारी उभा करायचा
आणि विचारायचं, तू पुढे की मागे?
मागे असलास तर जरा रेट.
पुढे असलास तर जरा दम धर.
जन्मभर एवढंच.

जुळलं की दिवा लागतो. लॉक.
आमच्याकडे लॉक म्हणजे कुलूप,
घातलं, किल्ली कनवटीला, माणूस गावाला जायला मोकळा.
इथे लॉक लागल्यावरही
कुणी गावाला जात नाही.

गेले नऊ दिवस तो दिवा विझत होता.
दिवसातून तीनदा, फार तर चारदा, पापणी लवावी तसा,
आणि त्याच्यामागे सगळी चिप
पाय मुरगळल्यासारखी बसायची.
मी कोड उसवला, पुन्हा शिवला.
लूपची बँडविड्थ घटवली, वाढवली, परत घटवली.
इशबेल रँकिन तीस वर्षं हेच करत आली आहे. ती म्हणाली,
दिवा लागला म्हणून लगेच धावू नकोस.
हजार ठोके मोज.
तरी लागलेलाच असेल, तर मग बाकीच्यांना उठव.
मोजले. उठवले.
दुपारी पुन्हा सगळे झोपले.

मग मी वेळा लिहून काढल्या.
नऊ पाच. अकरा. साडेतीन.
आणि मंगळवारी अकराला
माझ्या पाठीमागे युअनने किटली लावली.

किटली!
तीन किलोवॅटचा चहा.
भिंतीतला दाब तसूभर वाकतो
आणि सप्लायच्या पायऱ्या उतरत थेट लूपच्या पोटात शिरतो.
वाटेत फेराइटचा एक मणी हवा होता.
दोन पेनी वाचवायला कुणीतरी तिथे नुसता दुवा टाकलेला.
कुणी, ते शोधायला नकाशा उघडला.
मार्च महिना. सही माझीच.

इशबेल काही बोलली नाही.
खणातून तिळाएवढा मणी काढून
चिमट्यासकट माझ्यापुढे ठेवला.
जोडला. युअनला म्हटलं, लाव.
पाणी खळखळलं, बटण टक्कन वर आलं,
दिवा तसाच.

इतक्यात तोफ.
किल्ल्यावर ती एकाला सुटते, रविवार सोडून रोज,
लीथला पोचते दहा सेकंद शिळी होऊन.
खिडकीशी उभी राहून इशबेल
मनगटावरचं घड्याळ बघते, दहा वजा करते, मान डोलावते.
म्हणते, उशीर किती त्याचं काही नाही.
रोज तेवढाच हवा.

स्कोपवर पाहिलं.
जुळलेली रेघसुद्धा कडेला केसाळच असते,
लोकरीच्या धाग्यासारखी,
किंचित पुढे, किंचित मागे.

साखर किती, युअन विचारतो.
काल घातलीस तेवढीच.