उजव्या बाजूने

तुर्भ्याच्या खाणीकडे चढणाऱ्या रस्त्यावर
आमची शाळा, महापालिकेची, दोन मजली,
आणि तिच्या मागच्या भिंतीला लागून
एक बिनखिडक्यांची इमारत,
जिच्यात म्हणे साऱ्या जगाचा डेटा साठवतात.
दिवसरात्र घुमते ती.
पाढे म्हणताना पोरं नकळत
तिच्याच पट्टीत सूर लावतात.

जूनमध्ये टॅब आले. चाळीस. कुठल्याशा कंपनीच्या कृपेने.
मढवी सरांनी नारळ फोडला
आणि खोबरं वाटताना हळूच म्हणाले,
बाई, आता तुम्ही-आम्ही वॉचमन.

खोटं कशाला बोलू,
अपूर्णांक तो माझ्यापेक्षा छान शिकवतो.
बावीस वर्षं मी फळ्यावर भाकरीचे तुकडे करत आले;
त्याची भाकरी खरोखर फिरते, तुटते, परत जुळते.
त्याचा घसा बसत नाही.
सातव्यांदा विचारलं तरी
त्याच्या कपाळाला आठ्या पडत नाहीत.
माझ्या पडतात. तिसऱ्यांदाच.

फक्त पूनम आडे तेवढी लाल.
रोज संध्याकाळी मोबाईलवर यादी येते:
अडतीस हिरवे, एक पिवळा, पूनम लाल.
आकलन कमी. लक्ष विचलित.
पायाभूत स्तरावर परत पाठवण्यात येत आहे.
चौथीतली पोर
तिसरीत गेली, दुसरीत गेली,
दिवाळीपर्यंत
'आवाज ऐका, प्राणी ओळखा' इथवर उतरली
आणि हंबरणाऱ्या गायीला
तिने कोंबडा ठरवलं.

मीही रागावले. हे लिहायला हवं.
म्हटलं, तुझ्या वस्तीत गाय फिरत नाही का गं?
ती मान कलती करून माझ्याकडे बघत राहिली,
चिमणी डबक्याकडे बघते तशी.
त्या कलत्या मानेचा अर्थ
मला तेव्हाही लागला नाही.

लागला तो एका बुधवारी, खिचडीच्या वेळेला.
वीज गेलेली. ती इमारत सोडून सगळं गप्प.
मी डाव्या बाजूने हाक मारली, पूनम.
पुन्हा, पूनम.
मग सहज उजवीकडे जाऊन.
वळली.

तिचा हेडफोन उचलून माझ्या कानांना लावला.
डावीकडे गाय हंबरत होती.
उजवीकडे काहीच नाही,
वायर केव्हाची तुटलेली.
चार महिने तो तिच्या बहिऱ्या कानात शिकवत होता,
न थकता, न रागावता.

मी हेडफोन उलटा करून तिला घातला.
डी.एड.ला हे नव्हतं.
तिच्या भुवया वर गेल्या.
म्हणाली, बाई, ह्याच्यात एक बाई बोलतेय!

पंधरा दिवसांत हिरवी झाली.
अहवाल आला: उपचारात्मक मॉड्यूल परिणामकारक.
मढवी सर म्हणाले, खरं काय ते वर कळवू या का?
म्हटलं, राहू द्या,
फॉर्ममध्ये 'वायर' असा रकाना नाही.

कान सुरुंगाने गेला
की तान्ही असताना वाहून वाहून,
तिची याडी नीट सांगत नाही.
सांगायला थांबली तर क्रशरवर खाडा पडतो.
म्हणून अर्धी रजा टाकून
मीच निघाले तिला घेऊन, वाशीच्या दवाखान्यात.
नाक्यापर्यंत चालत.
खडीचे डंपर अंगावरून जात होते.
मी तिच्या उजव्या बाजूने,
डंपरही त्याच बाजूला, ऐकणारा कानही.

इमारतीपाशी ती थबकली.
बाई, ह्याच्यात कोण राहतं?
मी वाकून म्हटलं, तुझी ती टॅबमधली बाई.

तिने भिंतीला तळहात लावला,
बराच वेळ.
घुमणं हातातून कळलं असावं.
मग म्हणाली,
तिला खिडकी का नाही दिली?