ओळ ४११७

वाचणाऱ्यांचं काही नसतं.
एकाच ओळीवर दहाजण वाकून वाचतात,
खांद्याला खांदा लागतो, कुणी हूं की चूं करत नाही.
भांडण लिहिणाऱ्यांचं.
लिहिणारा आला की म्हणतो, व्हा बाजूला,
मी असेतो आत कुणी नको.
पापणी लवायच्या आत त्याचं उरकतं.
एरवी.

डिसेंबरातली संध्याकाळ, तुर्कूचं बंदर.
जहाज सुटायला पाऊण तास.
तिकिटाच्या खिडकीवर पिर्कोने आधी केबिन धरली, ४११७,
आता तिला हवी गाडीची जागा,
खालच्या डेकवरची, शेवटची.
समुद्रापलीकडे मारिएहामला स्टेलानने
तीच गाडीची जागा आधी धरली,
आता त्याला हवी केबिन. ४११७च.

दोघेही सज्जन. हट्ट कुणाचाच नाही.
पण काम पुरं होईतो
हातातलं सोडायचं नाही, असा नियम.
पिर्को थांबली स्टेलानसाठी,
स्टेलान थांबला पिर्कोसाठी,
आणि दोघांनाही ठाऊक नाही की समोर कोण आहे.
दोन पडद्यांवर दोन गोल फिरताहेत.
अळीमिळी गुपचिळी.

तळघरात, सर्व्हरच्या गरम वाऱ्यावर
ओले मोजे वाळत घालून बसलेला राइमो
बोट फिरवत जातो:
हा त्याच्यासाठी, तो ह्याच्यासाठी...
बोट फिरून पहिल्याच नावावर.

तेवढ्यात यंत्रालाही ते दिसलं.
यंत्राला न्याय ठाऊक नाही, हिशेब ठाऊक आहे:
ज्याचं पुसायला कमी, त्याला पुसा.
नोंदवहीत अशाला एक शब्द आहे, बळी.
राइमो रोज वाचतो तो, कॉफी पीत.
स्टेलानचं सगळं मागे गेलं,
जणू त्याने काही मागितलंच नव्हतं.

चूक जुनी आहे.
तुर्कूची बाजू राइमोने लिहिली: आधी केबिन, मग गाडी.
मारिएहामची गुन्नेवीने: आधी गाडी, मग केबिन.
एकाच टेबलावर, समोरासमोर, दोन हिवाळे.
क्रम कोणता, हे दोघांनी
एकमेकांना विचारलं नाही.
इतरही पुष्कळ विचारलं नाही.
ती पुढे माल्मोला गेली.

राइमो दोन ओळींची अदलाबदल करतो.
गुन्नेवीचं नाव वरच्या टिपणीत आहे,
ते तसंच ठेवतो.

मारिएहामच्या खिडकीत
'पुन्हा प्रयत्न करा.'
स्टेलान पुन्हा करतो. या वेळी चटकन उत्तर येतं:
केबिन नाही, गाडीची जागाही नाही. खुर्ची आहे.
बाई म्हणते, चालेल,
आणि मांजराची टोपली
दुसऱ्या हातात घेते.